लॅपटॉपचा ठोकळा बदलायचाय, ६५ वॅटचा छोटा गॅन चार्जर घ्यावा की १०० चा?

पौडरोडचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण तीन दिवस डोकं फिरलंय. रोज पौड रोडवरून हिंजवडीला बसने जातो, पाठीवर सॅक, त्यात लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि तो चार्जरचा ठोकळा. परवा सहज ठोकळा दोन्ही वायरींसकट किचनच्या काट्यावर ठेवला तर ३४० ग्रॅम भरला, बायको म्हणाली एवढ्या डाळीत चार जणांची दोन वेळची आमटी होते.

तर आता ते पेढ्याच्या बॉक्सपेक्षा लहान गॅन चार्जर मिळतात ना, तसला एक घ्यावा म्हणतोय. ऑफिसचा लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होतो, मूळ ठोकळा ६५ वॅटचा आहे. गंमत अशी की माझ्या मोबाईलचा चार्जर ८० वॅटचा आहे, ८० म्हणजे ६५ पेक्षा जास्तच ना, म्हणून तो लावून बघितला तर लॅपटॉप म्हणतो स्लो चार्जर, आणि मीटिंग चालू असताना बॅटरी चढायच्या ऐवजी उतरत होती. हे कसं काय?

दुसरं, १०० वॅटचा तीन पोर्टवाला घेतला तर फोन, इअरबड सगळं एकातच होईल, पण मेव्हणा म्हणतो ६५ च्या लॅपटॉपला १०० दिलेस तर मदरबोर्ड जाईल. तिसरं, बायकोचा जुना लॅपटॉप गोल पिनचा आहे, त्याला सी-टू-गोल-पिन कनेक्टर मिळतो म्हणे, चालतो का. आणि शेवटचं, बाबा शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरी राहतात, तिथे दोन पिनेच्या चार्जरवर लॅपटॉप लावला की बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं त्यांना. आई तर आता हातच लावत नाही. हे धोक्याचं आहे का?

बजेट दोन-अडीच हजार. जाणकारांनी सांगा प्लीज.

पेठेतला_शहाणा

ठोकळ्याचं वजन जास्त वाटत असेल तर बाटली काढा. ऑफिसात पाणी फुकट मिळतं, भरलेली लिटरची बाटली किलोभर असते. मी नऊ वर्षं एकच ठोकळा वापरतोय, दोनदा गॅलरीतून पडलाय, एकदा मांजराने वायर चावली तिथे टेप मारलाय, अजून चालू आहे. नवीन ते सगळं चांगलं असं नसतं.

सोल्डर_आणि_चहा

शहाणे, टेप मारलेल्या ठोकळ्याचं कौतुक नंतर करू, आधी प्रवासीचं बघतो.

तुझ्या फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरात छापलेलं वाच. भिंग घे लागलं तर. ८० वॅटवाल्यांवर साधारण ११ व्होल्ट ७.३ अँपिअर असं लिहिलेलं असतं. म्हणजे व्होल्ट कमी, अँपिअर भरपूर, आणि हे ८० फक्त त्याच कंपनीच्या फोनला, त्याच कंपनीच्या केबलवरच मिळतात. लॅपटॉपला ती भाषा कळतच नाही. लॅपटॉपला कळते पीडी, म्हणजे यूएसबी पॉवर डिलिव्हरी, आणि बहुतेक लॅपटॉपना त्यातले २० व्होल्ट हवे असतात.

पीडी कसं चालतं ते सांगतो, कारण हे कळलं की मेव्हण्याचंही उत्तर मिळतं. केबल लावली की चार्जर आधी नुसते ५ व्होल्ट देतो आणि उडप्याकडचा वेटर जसा एका दमात सगळा मेनू म्हणतो तसा आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो, ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ ला ३, १५ ला ३, २० ला ३.२५. लॅपटॉप त्यातलं एक मागवतो, मग चार्जर व्होल्टेज वर नेतो. तुझ्या फोनवाल्या चार्जरच्या मेनूत लॅपटॉपसाठी बहुतेक ५ नाहीतर ९ व्होल्टच उरतात, त्यामुळे १५-१८ वॅटवर त्याला भागवावं लागतं आणि कॉल चालू असला की खर्च त्याच्यापेक्षा जास्त. म्हणून बॅटरी उतरते. सगळेच फोन चार्जर असे नसतात, काहींवर जोडीला ४५ वॅट पीडीपण असतं, पण ते लेबलवर वेगळ्या ओळीत दिसायला हवं.

आता मेव्हण्याचं. घरात गिझरसाठी १६ अँपिअरचा सॉकेट असतो, त्यात रात्रीचा दिवा लावला तर दिवा उडतो का? लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. १०० वॅटचा म्हणजे मेनू मोठा एवढंच, २० व्होल्ट ५ अँपिअरपर्यंत. मागवणारा लॅपटॉपच. जळत नाही.

आणि एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाहीत, केबल. यूएसबी-सीची साधी केबल ३ अँपिअरची असते. २० गुणिले ३ म्हणजे ६०. त्याच्या वर जायचं तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची बारकी चिप लागते, ती चार्जरला सांगते की मी ५ अँपिअर झेपवते. चिप नसेल तर चांगला चार्जर ३ अँपिअरवरच थांबतो, म्हणजे तू ६५ चा चार्जर घेशील, फोनची केबल लावशील आणि ६० वरच राहशील. ५ वॅट गेले तर आभाळ कोसळत नाही पण १०० चा घेऊन ६० मिळाले तर पैसे पाण्यातच की. केबलवर १०० किंवा २४० वॅट लिहिलेलं बघून घे.

पौडरोडचा_प्रवासी

अरे बाप रे, आत्ता बघितलं, खरंच ५-११ व्होल्ट ७.३ अँपिअर लिहिलंय!! एवढी वर्षं कधी वाचलंच नव्हतं ते. मूळ ठोकळ्यावर २० व्होल्ट ३.२५ अँपिअर आहे, म्हणजे ६५ बरोबर.

पण मग एवढासा चार्जर तेवढीच पॉवर देतो ती कशी? काहीतरी कमी घातलं असेल ना आत, त्याशिवाय लहान होतो का. तो तापतोही म्हणे खूप.

निवृत्त_मास्तर

प्रवासी, तुमची शंका रास्त आहे. मी फिजिक्स शिकवायचो, जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

भिंतीतून येते ती वीज ५० हर्ट्झची. जुन्या काळी रेडिओच्या एलिमिनेटरमध्ये ट्रान्सफॉर्मर थेट त्या ५० हर्ट्झवर चालायचा म्हणून तो एवढा जड असायचा, हातात घेतला की वरवंटा उचलल्यासारखं वाटायचं. तुमच्या ठोकळ्यात तसं नाही. त्यात आधी एसीचं डीसी करतात, मग एक स्विच त्या डीसीला सेकंदाला साठ-सत्तर हजार ते लाखभर वेळा तोडतो, आणि ते तुकडे छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जातात. जितक्या वेगाने तोडाल तितकी एका खेपेला कमी ऊर्जा वाहायची, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. दर दहा मिनिटांनी बस असेल तर मिनीबस पुरते, तासाने एक असेल तर डबलडेकर लागते, तसं.

मग सिलिकॉनचा स्विचच आणखी वेगाने का नाही चालवत? तर प्रत्येक वेळी उघडझाप होताना थोडी वीज उष्णतेत जाते, वेग वाढवला की तो स्विचच भाजून निघतो. गॅलियम नायट्राइड, म्हणजे तुमचं गॅन, याचा बँड गॅप (म्हणजे आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) साधारण ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉनचा १.१. त्यामुळे तेवढंच व्होल्टेज अडवायला फार पातळ थर पुरतो आणि उघडझापेत कमी वाया जातं. म्हणून कित्येक लाख वेळा तोडता येतं. (याच गॅलियम नायट्राइडवर निळा एलईडी झाला आणि त्यासाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल दिलं गेलं. तुमच्या घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमागेही तोच निळा आहे.) तर कमी काही घातलेलं नाही, वेगळं घातलंय.

आता तापण्याचं. माझ्याकडे दोन्ही आहेत म्हणून पट्टीने मोजलं. जुना १०.५ बाय ४.५ बाय ३ सेंटीमीटर, छोटा ६.५ बाय ३.५ बाय ३.२. आकारमान जवळजवळ निम्मं. पण पृष्ठभाग १८४ चौरस सेंटीमीटरवरून ११० वर आला. जुन्याची कार्यक्षमता ८८ टक्के धरा, लेबलवर रोमन VI लिहिलेलं असतं त्याचा या साइजला तोच अर्थ, सरासरी किमान ८८. म्हणजे ६५ वॅट द्यायला सुमारे ९ वॅट उष्णतेत जातात. छोट्याची ९२ धरली तर पावणेसहा. आता भागाकार करा, दोन्हीकडे चौरस सेंटीमीटरमागे साधारण ०.०५ वॅटच येतात! म्हणजे छोटा वीज कमी वाया घालवतो आणि तरीही हाताला तेवढाच, कधी थोडा जास्तच गरम लागतो. हात लावून पटकन काढून घ्यावासा वाटला तर ठीक आहे. वास आला, प्लास्टिक मऊ झालं तर मात्र नाही. आणि गादीवर, उशीखाली कुठलाच ठेवू नका.

१०० वॅटचा मोठा का, हेही सांगून टाकतो. ७५ वॅटच्या वर गेलं की वीज कशा लयीत ओढायची याचे आंतरराष्ट्रीय नियम कडक होतात, त्यासाठी आत पीएफसीचं, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारायचं, अख्खं वेगळं सर्किट घालावं लागतं. शिवाय एक ४०० व्होल्टचा जाडा कपॅसिटर असतो, तो ५० हर्ट्झच्या लाटांमधले खड्डे भरून काढतो. त्याचं काम भिंतीतल्या विजेशी, त्यामुळे गॅन आलं म्हणून तो काही लहान होत नाही. चार्जर आणखी लहान का होत नाहीत याचं निम्मं उत्तर त्या एका कपॅसिटरमध्ये आहे.

बाणेरची_मी

मास्तर मस्त समजावलंत 🙏 बसचं उदाहरण तर एकदम पटलं.

मी १०० चा तीन पोर्टवाला दीड वर्ष वापरतेय म्हणून सांगते, बॉक्सवरचा १०० हा एकच पोर्ट वापरला तरचा असतो. दुसऱ्यात फोन लावला की माझ्यावाल्यात ६५ अधिक ३० होतं, तिसऱ्यातही काही लावलं की आणखी वाटणी. कशी वाटणी होणार ते बॉक्सच्या मागे तक्ता असतो त्यात लिहिलेलं असतं, तो तक्ता न बघता घेऊ नका. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे मधेच दुसरं काही लावलं किंवा काढलं की चार्जर सगळ्यांना एक क्षण सोडतो आणि पुन्हा वाटाघाटी करतो. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून त्याला काही होत नाही, टिंग करून वाजतो फक्त. पण मी एका पोर्टवर छोटा यूएसबी-सी मॉनिटर लावला होता, क्लायंटला डिझाईन दाखवत होते आणि शेजारच्याने न विचारता आपला फोन लावला, मॉनिटर बंद. तेव्हापासून कॅफेत कोणी "ताई एक पोर्ट मिळेल का" म्हणालं की सरळ नाही म्हणते.

वजनाचं म्हणाल तर माझा १०० चा केबल सोडून २०० ग्रॅमच्या आसपास आहे. ६५ चे ११०-१२० मध्ये मिळतात. सॅकसाठीच घेताय तर ६५ चा दोन पोर्टवाला बघा ना, ऑफिसात फोन रात्रभर थोडाच लावायचाय.

अजून एक, भिंतीत थेट खोचायचे चार्जर असतात ना, ऑफिसच्या किंवा कॅफेच्या ढिल्या सॉकेटमध्ये ते स्वतःच्या वजनाने खाली झुकतात आणि पिन अर्धवट बाहेर येते. तडतड आवाज येतो आणि सॉकेट काळा पडतो. १०० च्या बाबतीत हे जास्त.

वायरमनचा_मुलगा

बाबांच्या मुंग्यांबद्दल कोणीच बोललं नाही, खरं तर महत्त्वाचं तेच आहे. मी पण तेच काम करतो, पेठांमध्ये निम्मी कामं जुन्या वायरिंगचीच.

दोन पिनेच्या चार्जरमध्ये भिंतीची बाजू आणि लॅपटॉपची बाजू वेगळ्या ठेवलेल्या असतात, पण त्यांच्यामध्ये मुद्दाम एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, वाय कपॅसिटर म्हणतात. रेडिओ, टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून. त्यातून अगदी थोडा एसी करंट लॅपटॉपच्या बॉडीत येतो. बॉडी धातूची असेल आणि माणूस अनवाणी शहाबादीवर उभा असेल, त्यात पावसाळ्यात फरशीला ओल आली असेल, तर हाताला बारीक थरथर जाणवते, विशेषतः मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा बोटांच्या मागच्या बाजूने हलकेच फिरवलं तर. टेस्टर लावला तर मिणमिणतो आणि लोक घाबरतात. मल्टीमीटर लावला तर ८०-९० व्होल्टपण दाखवतो पण त्याच्यात दम नसतो, करंट एकदम कमी. अशा दोन पिनेच्या मालासाठी स्टँडर्डमध्ये मर्यादा पाव मिलिअँपिअरची आहे. तेवढ्याने माणसाला इजा होत नाही.

पण!! हे चांगल्या चार्जरबद्दल. लोकल मालात तो कपॅसिटर साधा घातलेला असतो, वाय क्लासचा नाही. वाय क्लासचा बिघडला तर सर्किट तुटून बंद पडेल असा बनवलेला असतो, साधा शॉर्ट होऊ शकतो, आणि शॉर्ट झाला तर २३० व्होल्ट थेट लॅपटॉपच्या बॉडीत. त्यामुळे मुंग्या वेगळ्या आणि झटका वेगळा. हात मागे खेचला जाईल असा झटका बसला तर तो चार्जर त्या दिवशीच बाद करा.

उपाय म्हणजे तीन पिनेचा ठोकळा, ती मिकी माउसच्या तोंडासारखी केबल येते ना तो. त्यात वरची जाड पिन अर्थिंगची, बॉडीवरचा तो करंट तिच्यातून निघून जातो, मुंग्या बंद. फक्त अर्थिंग खरं हवं. जुन्या वाड्यात नवीन तीन पिनेचे बोर्ड बसवलेले असतात पण वरच्या भोकामागे वायरच नसते, नुसतं शोभेला. आणि काही महाभाग तिथे न्यूट्रलमधून तुकडा घेऊन अर्थिंगला जोडून देतात. असलं कधी करू देऊ नका. कुठे मागे न्यूट्रल तुटला की फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप सगळ्यांच्या बॉडीत लाईन येते. मी स्वतः असली दोन घरं दुरुस्त केलीत. बाबांकडे एकदा इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग मोजून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, बसवा. तोवर चपला घालून बसायला सांगा किंवा चार्ज करून पिन काढून मग वापरायला.

हो आणि ते बाहेरदेशी चपट्या पिनेचे चार्जर स्वस्तात मिळतात, त्याला वर कन्व्हर्टर पिन लावून वापरतात, ते नकोच. कन्व्हर्टर आत ढिलाच असतो.

पेठेतला_शहाणा

म्हणजे तीन पिनेचा जुना ठोकळाच बरा. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

वायरमनचा_मुलगा

काका, बाबांसाठी हो. पण तो टेपवाला नाही!

नळस्टॉप_रिपेअर

गोल पिनवाल्याला उत्तर द्यायला आलो. लॅपटॉप रिपेअरचं काम आहे माझं.

वहिनींच्या लॅपटॉपवर १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर असं काहीसं असणार. सी-टू-गोल कनेक्टर आत पीडी बोलतो आणि २० व्होल्ट मागतो, १९.५ च्या लॅपटॉपला २० चालून जातं. पण अडचण पिनेच्या मध्ये जी सुईसारखी बारीक तार असते तिची आहे. काही कंपन्या त्या तारेवरून चार्जर ओळखतात. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगपण पाडतो, मग गिऱ्हाईक येतं, "लॅपटॉप स्लो झालाय, फॉरमॅट मारा". फॉरमॅट मारून काय होणार, चार्जर बदलला की पळतो. चांगल्या कनेक्टरमध्ये ती ओळखीची सोय असते पण नेमकी तुमच्या मॉडेलची पाहिजे. वहिनी लॅपटॉप घरीच वापरत असतील तर त्या भानगडीत पडू नका, तिथे ठोकळा जड असला तर काय बिघडलं.

गोल पिनचा नवीन घ्याल तेव्हा व्होल्ट तेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. इथे मेनू-बिनू नसतो, जे छापलंय ते सरळ येतं. नुसतं भोकात बसतंय म्हणून लावू नका, पिनेच्या आतल्या-बाहेरच्या बाजूला प्लस-मायनस उलटं असलेलेपण असतात.

आता स्वस्त मालाचं. मागच्या पावसाळ्यात एकाने आणला होता, रस्त्यावरून साडेतीनशेला घेतलेला "६५ वॅट गॅन". उघडला तर गॅन तर सोडाच, आत वजनासाठी लोखंडाची पट्टी चिकटवलेली. २३० ची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यात बोर्डावर जेमतेम दोन मिलिमीटर जागा. चांगल्यात तिथे सहा-सात मिलिमीटर तरी असते आणि बऱ्याचदा बोर्ड आरपार कापून फट ठेवलेली असते, म्हणजे ओल-धूळ बसली तरी वीज उडी मारत नाही. त्याच्या लॅपटॉपचा चार्जिंग आयसी गेला होता, दुरुस्तीला चार्जरच्या दहापट पैसे.

उलट उदाहरणपण देतो. एका सोसायटीत मीटर रूममध्ये न्यूट्रल सैल झाला आणि घरोघरी व्होल्टेज चढलं. माझ्याकडे त्या आठवड्यात पाच-सहा लॅपटॉप आले, ज्यांचे मूळ ठोकळे होते त्यांचे ठोकळे मेले, आतला फ्यूज उडाला, पण लॅपटॉप एकदम शाबूत. चार्जरने मरून लॅपटॉप वाचवणं हेच त्याचं काम.

घेताना लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का बघा, त्याखाली आर आणि डॅश आणि आठ आकडे असतात. फोनवर बीआयएस केअर अॅप टाका, त्यात तो नंबर घातला की कुठल्या कंपनीचा, कुठल्या मालासाठी ते दिसतं. खोट्या मालावर बऱ्याचदा दुसऱ्याच कोणाचा नंबर छापलेला असतो, सापडतो लगेच. तपकीर गल्लीत घेणार असाल तरी दुकानात उभं राहूनच हे करा, बिल मागा. बिल मागितल्यावर भाव वाढला तर पुढच्या दुकानात.

सोल्डर_आणि_चहा

+१. आणि ते मॅग्नेटची टोकं मिळतात यूएसबी-सीची, चटकन लागतात-निघतात, ती लॅपटॉपला नको. यूएसबी-सीत पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात, मॅग्नेट जरा तिरकं बसलं की २० व्होल्ट भलत्याच पिनेला.

विमाननगरवाला

माझा गेमिंग लॅपटॉप आहे, २३० वॅटचा ठोकळा, पाऊण किलोच्या वर. त्याला असा छोटा १०० चा चालेल का प्रवासात? गेम नाही खेळायचा, नुसतं ऑफिसचं काम.

सोल्डर_आणि_चहा

यूएसबी-सी पोर्टवर चार्जिंग घेतो का ते आधी मॅन्युअलमध्ये बघ, सगळे घेत नाहीत. घेत असेल तर हो, एक्सेल आणि ब्राउझरला १०० पुरतात. गेम लावलास तर उरलेलं बॅटरीतून ओढेल. २०२१ मध्ये पीडी ३.१ आलं त्यात २८, ३६, ४८ व्होल्ट वाढवले, ४८ गुणिले ५ म्हणजे कागदावर २४० वॅटपर्यंत जाता येतं. त्याच वर्षी अॅपलने १६ इंची मॅकबुक प्रोबरोबर दिलेला १४० वॅटचा गॅन चार्जर २८ व्होल्ट ५ अँपिअरचाच. पण लॅपटॉपलाही ते २८ मागता यायला हवेत. जुना लॅपटॉप २० च्या पुढचं वाचणारच नाही, त्यामुळे १४० चा घेऊन काही फायदा नाही तुला.

पौडरोडचा_प्रवासी

सगळ्यांचे आभार, शनिवारी जाऊन घेऊन आलो. ६५ चा, दोन पोर्ट, लेबलवर २० व्होल्ट ३.२५ अँपिअर, बीआयएसचा नंबर दुकानातच तपासला. दुकानदार आधी म्हणाला "एवढं कोण बघतं साहेब" आणि मग त्यानेच दुसऱ्या एका डब्यावरचा नंबर मला तपासायला लावला, तो निघाला मोबाईल बॅटरीचा. तो डबा त्याने गुपचूप खाली ठेवला. केबल वेगळी घेतली, १०० वॅटवाली, ती मोबाईलच्या केबलपेक्षा चांगलीच जाड आहे. चार्जर आणि केबल मिळून काट्यावर १७२ ग्रॅम. आमटी आता दोन जणांची.

ऑफिसच्या आयटीवाल्याला मेल टाकून विचारलं, तो म्हणाला पीडीचा असेल तर चालेल पण मूळ ठोकळा परत मागू तेव्हा द्यायचा, त्यामुळे तो कपाटात. बायकोच्या लॅपटॉपला हात लावला नाही, नळस्टॉपवाल्या दादांनी सांगितलं तसं.

बाबांकडे इलेक्ट्रिशियन आला होता. तीन सॉकेटमध्ये अर्थिंगची वायरच नव्हती आणि स्वयंपाकघरातल्या चौथ्यात न्यूट्रलमधून जोडलेली होती, अगदी वायरमनच्या मुलाने लिहिलं तसं. फ्रिज त्याच्यावरच होता, गेली अकरा वर्षं. ऐकूनच पोटात गोळा आला. ती काढली, नवीन अर्थिंग टाकायला पुढच्या आठवड्यात येतोय, खड्डा कुठे करायचा यावरून मालकांशी बोलणं चालू आहे. तोवर बाबा चपला घालून लॅपटॉपवर बसतात आणि आई ओरडते की घरात चपला घालून फिरू नका.

पेठेतला_शहाणा

शुक्रवारात कुठे? आमच्याही वाड्यात तोच माणूस येऊन गेलाय की काय बघतो. वायरमनचा मुलगा, तुझा नंबर व्यनि कर.